वही पुरात गेली

उत्तरेश्वर पेठेत, पिठाच्या गिरणीच्या वर
आमचं वाचनालय. जिना अरुंद.
खाली जातं फिरलं की वर कपाटं थरथरतात
आणि कथासंग्रहांवर रोज सकाळी
ज्वारीची पांढरी साय धरते.
एकोणतीस वर्षं मी ती पुसते.

मंगळवारी दोघं आले. चपला न काढता.
एकानं फोनवर एक मुखपृष्ठ दाखवलं.
"हे कुणी कुणी नेलं, तेवढी नावं द्या.
पुस्तक राहू दे, पुस्तकाचं काय नाही."

म्हटलं, वही पुरात गेली.

कोल्हापुरात हे कुणालाही पटतं.
गिरणीच्या भिंतीवर अजून रेघ आहे,
छातीएवढी, मळकट.
"माडीवर पाणी आलं?" दुसरा हुशार निघाला.
"बांधायला दिली होती वो, खाली पोवार बाइंडरकडं."
एका खोट्याला दुसरं लागतं,
टाक्याला टाका लागतो तसं.

वही माझ्या बुडाखाली होती.
खुर्ची बुटकी आहे, टेबल उंच,
म्हणून तिच्यावरच बसते मी.

त्या वहीत हिंदुराव पैलवान आहेत,
मोडलेल्या कानांचे,
प्रेमकविता नेतात, कुस्तीच्या बातमीत गुंडाळून.
झुलेखा मुजावर आहे.
घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक तीनदा नेलं,
चौथ्यांदा नेलं नाही.
का, ते मी विचारलं नाही.
गुजरीतले एक सराफ आहेत,
अंबाबाईचं दर्शन घेऊन थेट इथं येतात
आणि देव नाही असं सांगणारा जाड ग्रंथ
पान सत्तरपासून पुढं वाचतात.
कपाळावर कुंकू ताजं असतं.

मला सगळ्यांचं ठाऊक आहे.
ठाऊक असणं आणि सांगणं
यांच्यामध्ये एक जिना असतो,
तो मी कधी उतरले नाही.

दीपालीला मात्र चढायलाच वेळ लागला.
सुभाषनगरातून चालत आलेली, नववीतली.
नियम सात : अनामत दोनशे,
आणि दोन सभासदांची शिफारस.
"पेठेत कोण ओळखतं तुला?" कार्यवाहांनी विचारलं,
रागानं नाही, चष्मा पुसत.
"नियम सगळ्यांना सारखा, बाळ."
सारखाच होता.
दारही सारखंच,
फक्त कुणाकुणाला ते
आजोबांनीच उघडून ठेवलेलं.

ती वळली, आणि जिन्याच्या तोंडाशी
काढलेल्या चपलांपाशी उकिडवी बसली.
"ही वेणी माझ्या बानं घातलीया.
ही बी.
ही न्हाई, ही मशीनची."
"ही बी" म्हणाली ती कार्यवाहांची होती.
ते काही बोलले नाहीत. चष्मा पुन्हा पुसला.

पहिली सही मी केली.
पैलवानांनी कवितेतून मान वर काढली,
"आण हिकडं," म्हणाले,
आणि दुसरी अशी ठोकली
की कार्बनखालचे तीन कागद उमटले.
अनामतीचं काय झालं, ते हिशेबात नाही.
शोधू नका.

नियम सात अजून आहे, हे सांगायला हवं.
दर वार्षिक सभेत मी उठते,
दर वर्षी चहा येतो आणि विषय पुढच्या वर्षी.
दोन सह्यांसाठी किती जण
जिन्यावरूनच परत गेले,
त्यांची वही कुणीच ठेवली नाही.
ती खरंच पुरात गेल्यासारखी.

तर ते दोघं. गेले एकदाचे.
जाताना एकानं सहज एक पुस्तक काढलं,
दोन पानं चाळली, उभ्यानंच,
आणि बोटांना लागलेलं पीठ
पँटला पुसलं.
दुसरा खालून हाका मारत होता.
हा मिनिटभर आणखी थांबला.
ते पुस्तक कुठलं, ते मी पाहिलं.

आणि त्या मुखपृष्ठाच्या पुस्तकापुढं
वहीत एकच नाव आहे.
नाही, तुम्हालाही सांगणार नाही.

पुस्तक हवं असेल तर आहे.
चौथं कपाट, वरून दुसरा कप्पा.
सकाळी आठ ते अकरा उघडं असतं.
चपला बाहेर काढा.
सहीचं बघू.